रूळ काढलेल्या वाटेवर सासूबाई

घटस्फोट घेताना नवरा सुटणार याचं मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण झोप उडायची ती सासू सुटणार या विचाराने. हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. ऑफिसात सांगितलं असतं तर लोक हसून गडबडा लोळले असते, कारण इथे ब्रिटनमध्ये सासू म्हणजे विनोदाचाच विषय. आणि पुण्यातल्या मैत्रिणींना सांगितलं असतं तर त्यांनी मला डॉक्टरकडे पाठवलं असतं. पण होतं ते असं होतं. नवऱ्याशिवाय कसं राहायचं ते मला वर्षभरात जमायला लागलं होतं. त्या बाईशिवाय कसं राहायचं, याचा विचारसुद्धा करवत नव्हता.

माझी स्वतःची आई मी कॉलेजात असतानाच गेली. लग्नानंतर नागपूरला पहिल्यांदा राहायला गेले तेव्हा सासूबाईंना ‘आई’ म्हणताना माझी जीभ अडखळायची, आणि ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. म्हणाल्या, घाई काय आहे, तोंडात बसेल तेव्हा म्हण, तोवर नुसतं ‘अहो’ म्हटलंस तरी मी ओ देईन. पुढे ते असं काही बसलं की मनात ‘आई’ म्हटल्यावर दोघींपैकी कोण डोळ्यांसमोर येईल याचा मलाच भरवसा राहिला नाही. कार्डिफला आल्यावर आमचे रोजचे फोन सुरू झाले. संध्याकाळी हॉस्पिटलच्या आयटी ऑफिसातून निघून बसमधून उतरलं की मी फोन लावायचा, आणि तिकडे जेवणं आटोपून ओटा पुसता पुसता त्यांनी तो घ्यायचा. काय बोलायचो? काही नाही. भाजी कुठली केली, शेजारणीचं काय झालं, थंडी किती आहे. नवऱ्याचं आणि माझं बोलणं जसजसं आटत गेलं तसतसं हे वाढत गेलं.

मूल झालं नाही. झालं असतं तर नातवंडाच्या निमित्ताने तरी जाणं-येणं राहिलं असतं. आता आमच्या दोघींच्या मधे फक्त त्यांचा मुलगा होता, आणि तोच निघाला होता.

आमच्यात तिसरं माणूस नव्हतं, मारझोड नव्हती, काही नव्हतं. भांडायलासुद्धा एकमेकांसाठी वेळ काढावा असं वाटेनासं झालं होतं, एवढंच. त्याला लंडनजवळ रीडिंग नावाच्या गावी नोकरी लागली. सुरुवातीला ट्रेनने जाऊन-येऊन करायचा, मग आठवड्याचे चार दिवस तिकडेच राहायला लागला, आणि मग त्याने तिथे भाड्याने फ्लॅट घेतला. त्या फ्लॅटचा अर्थ काय ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही, दोघांनाही समजलं होतं. वकिलाची कागदपत्रं सुरू झाली. आणि नेमका तेव्हाच आईंचा व्हिसा आला.

आता अशा वेळी आपली माणसं काय करतात ते सांगायला नकोच. खरं बोलत नाहीत. तो म्हणाला, आई येऊन जाऊ दे, ती परत गेली की मी सावकाश सांगतो, इथे परक्या मुलखात तिला धक्का कशाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन शिकलेली, कमावती, चाळिशीला आलेली माणसं, आणि काय हे पोरखेळ! पण मी हो म्हटलं, कारण मला ते दोन महिने हवे होते. मग तो दोन सूटकेसा घेऊन स्वतःच्याच घरात राहायला आला. बेडरूममध्ये जमिनीवर स्लीपिंग बॅगेत झोपायचा आणि सकाळी आई उठायच्या आत ती गुंडाळून कपाटात कोंबायचा. आईंसमोर आम्ही हसून बोलत होतो, एकमेकांना भाजी वाढत होतो, वीकेंडला कुठे जायचं म्हणून लाडिक वादही घालत होतो. खऱ्या संसारात एवढी मेहनत घेतली असती तर वकिलाची गरजच पडली नसती.

आई मात्र खुशीत दिसत होत्या. माझ्या किचनचा ताबा त्यांनी पहिल्याच आठवड्यात घेतला, आणि दुसऱ्या आठवड्यात मी दर शनिवारी सायकल घेऊन कुठे जाते याची चौकशी सुरू केली.

कार्डिफच्या उत्तरेला डोंगरांमधल्या खोऱ्यांत पूर्वी कोळशाच्या खाणी होत्या. खाणी बंद झाल्या, मग त्यांच्या रेल्वे बंद झाल्या, आणि रूळ उखडून नेले तिथे आता सायकलींच्या वाटा झाल्या आहेत. बऱ्याचशा वाटा डांबरी आहेत. तिथे मुलं, कुत्री, म्हातारी जोडपी, सगळा बाजार असतो. मला तिथे जायचा कंटाळा. माझी वाट लोकल गाडीच्या शेवटच्या स्टेशनच्याही पुढे, सरळ जंगलात शिरणारी. तिला डांबर नाही. जुनी खडी तशीच पसरलेली, कुठे कुठे रुळांखालचे लाकडी स्लीपर अजून मातीत रुतलेले, त्यांच्यावरून गेलं की दात वाजतात. डोंगरातलं पाणी वाटेवरूनच वाहतं. बोगद्याचं तोंड विटांनी बंद केलंय, तिथे सायकल खांद्यावर घेऊन झाडांमधून चढून पलीकडे उतरावं लागतं. कधी कधी चार-चार मैल मेंढ्यांशिवाय कोणी भेटत नाही. नवरा रीडिंगला गेल्यापासून मी तिथे एकटी जायचे. घरात रडलं की भिंतीपलीकडच्या म्हातारीला ऐकू जायचं आणि मग ती केक घेऊन यायची. जंगलात ती भीती नव्हती.

रडण्याचं अर्थातच मी आईंना सांगितलं नाही. वाटेबद्दल सांगितलं, तर त्या हातातलं लाटणं खाली ठेवून ऐकायला लागल्या. त्यांचे वडील विदर्भातल्या एका आडगावच्या स्टेशनवर स्टेशनमास्तर होते; आईंचं सगळं लहानपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. पुढे पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात नोकरी केली ती रिटायर होईपर्यंत सायकलने. रूळ काढून टाकलेली रेल्वे त्यांनी कधी पाहिली नव्हती. गाडीच येणार नाही तर लोक तिथे जातात कशाला, असं त्यांनी मला विचारलं, आणि मग मला उत्तर सुचायच्या आत, मीही येते म्हणाल्या. साठी कधीच उलटलेली. गुडघे कुरकुरत होते. मी बोगद्याच्या चढाचं भय घातलं. त्यावर म्हणाल्या, ‘तू चढून राहिली नं? मग मीही चढते.’

तरी मी काही ना काही कारण काढून महिनाभर ढकललं. मग एका शनिवारी नवऱ्याने ऑफिसचं काम काढलं. खरं म्हणजे त्याला एक दिवस आपल्या फ्लॅटवर जाऊन पाय पसरून बसायचं होतं, आणि मला त्याचा रागही आला नाही. उलट मी ठरवलं, हीच वेळ. त्याने आधी सांगितलं तर त्या त्याची आई म्हणून ऐकतील. मला त्याच्या आधी सांगायचं होतं, आणि सांगून मागायचं होतं. कागदावर काही का होईना, तुम्ही माझ्या आई राहा. संध्याकाळचा फोन राहू दे. बाकी भांडी-कुंडी, सोफा, लग्नातला चांदीचा सेट, सगळं घेऊन जा म्हणावं त्याला. मला एवढंच पाहिजे होतं.

आईंना मी माझी सायकल दिली आणि गराजमध्ये पडलेली नवऱ्याची मी घेतली. आईंनी पंजाबी ड्रेसवर त्याचं जुनं जॅकेट चढवलं, ओढणी कमरेला गच्च बांधली. हेल्मेट काही अंबाड्यावर बसेना. मी म्हटलं, राहू द्या आई, इथे सक्ती नाहीये, तर त्यांनी अंबाडा सोडून घट्ट वेणी घातली, ती जॅकेटच्या आत खोचली आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावून आरशात पाहून स्वतःशीच हसल्या. मला इतकं भरून आलं की मी पंप शोधायच्या निमित्ताने बाहेर गेले.

सायकली लोकलमध्ये घालून आम्ही शेवटच्या स्टेशनला उतरलो. वाटेच्या सुरुवातीलाच मोटारसायकली आत जाऊ नयेत म्हणून कौन्सिलने एक लोखंडी फाटक बसवलंय. मोटारसायकली त्याला वळसा घालून जातात आणि सायकलवाले अडकतात. सायकल मागच्या चाकावर उभी करून, हँडल वाकडं करून, नाचवत नाचवत आत घालावी लागते. दर वेळी मी त्या फाटकाला मराठीत शिव्या घालते. त्या दिवशीही सवयीने एक सुटली. आईंनी ती ऐकली, आणि त्यांची सायकल अडकल्यावर तीच शिवी शांतपणे, स्वच्छ उच्चारात घातली. मी हसता हसता फाटकावरच टेकले.

पुढे खडी लागली. मला वाटलं होतं त्या उतरून चालतील. कसल्या उतरतायत! पाठ ताठ, वेग एकच, खड्डा आला की पेडलवर उभ्या. बर्चची पानं पिवळी व्हायला लागली होती, वाटेच्या दोन्ही बाजूंना नेच्यांची दाटी, खाली कुठेतरी नदी वाजत होती पण दिसत नव्हती. मी मागून येत होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. आई, एक बोलायचंय. आई, रागावू नका. प्रत्येक वाक्य पुढच्या वळणापर्यंत टिकायचं आणि मग मला वाटायचं, अजून थोडं. अजून थोडा वेळ या माझ्यापुढे अशाच सायकल चालवत राहू देत.

बोगद्याचा चढ आम्ही दोघींनी मिळून एकेक सायकल वर ओढत पार केला. पलीकडे उतरल्यावर जुन्या स्टेशनचा फलाट लागतो. फलाट म्हणजे काय, दगडांची एक लांब रांग, वर शेवाळ, त्यातून झाडं उगवलेली. मी वर्षभर त्याच्यापाशी बसून डबा खाल्ला होता आणि मला तो बांध वाटला होता. आईंनी सायकल टाकली आणि त्यावर चढून इकडून तिकडे चालत गेल्या. इथे तिकीट-खिडकी असणार, इथे पाण्याचा पिंप, मास्तरांची पोरं इथे खेळत असणार, असं स्वतःशीच बोलत होत्या. मग खाली उतरून म्हणाल्या, एवढं सगळं बांधलं आणि काढून नेलं, कोणाला काही वाटलं नसेल का गं. मी म्हटलं, वाटलं असेल. त्यांनी दशम्या काढल्या, शेंगदाण्याची चटणी काढली, आणि मला माझ्या वाट्यापेक्षा एक जास्त वाढली. त्या माझ्याकडे पाहत होत्या ते मला कळत होतं, आणि तरीही मी डबा बंद करून सायकल उचलली.

परत फिरलो, बोगद्याचा चढ पुन्हा ओलांडला आणि थोड्या वेळात आईंचं मागचं चाक बसलं. कुंपणाची काटेरी झुडपं कोणीतरी छाटून वाटेवरच टाकली होती. फोनला रेंज नाही, स्टेशन कुठल्या कुठे. पण पंक्चरचं सामान माझ्याकडे असतं. मी सायकल उलटी केली, चाक काढलं, टायर उचकटून ट्यूब बाहेर ओढली. आई वाटेच्या कडेला चक्क मांडी घालून बसल्या, ट्यूब माझ्या हातातून घेतली आणि हवा भरून डबक्यात बुडवून बुडबुडे शोधायला लागल्या. सापडलं. मी ती जागा कोरडी करून घासली, सोल्यूशन लावलं. सोल्यूशन लावल्यावर पॅच चिकटवायच्या आधी ते जरा सुकू द्यावं लागतं. तेवढा वेळ हातांना काही काम नसतं.

मी म्हटलं, ‘आई, मला तुम्हाला एक सांगायचंय.’

‘माहीत आहे मला,’ त्या म्हणाल्या. ‘तो इथे राहत नाही.’

त्यांनी ट्यूबवर हलकेच फुंकर घातली आणि सांगितलं की त्यांना पहिल्याच दिवशी समजलं होतं. विमानतळावरून घरी आलो, मी आंघोळीला गेले आणि मुलगा आईसाठी चहा करायला उठला.

‘माझ्या पोराला त्याच्याच घरात कप सापडत नव्हते, बाई. तीन कपाटं उघडली त्याने. आणि मग तू बाहेर येऊन चहा दिलास तर तुला थँक यू म्हणाला. तसं थँक यू पाहुणा म्हणतो.’

मग त्या पुढचंही बोलल्या. आधी वाटलं होतं रुसवा-फुगवा असेल, म्हणून वाट पाहिली. मग एक दिवस कपाटात चादरी ठेवायला गेल्या तर स्लीपिंग बॅग अंगावर पडली. तेव्हा उमगलं. पण आम्ही दोघं एवढी मेहनत घेतोय तर आपण कशाला पडदा पाडायचा, असं म्हणून त्यांनीही सोंग घेतलं. शिवाय, म्हणाल्या, मलाही हे दिवस पाहिजे होते. म्हणजे दीड महिना त्या घरात आम्ही तिघंही नाटक करत होतो आणि बघणारं कोणीच नव्हतं.

मला एवढं हलकं वाटलं की सांगायची सोय नाही. वाटलं, झालं, अवघड होतं ते झालं. त्यांना माहीत होतं, आणि तरीही त्या रोज माझ्या डब्यात पोळी-भाजी घालत होत्या, रविवारी डोक्याला तेल लावत होत्या. मग आता राहिलं काय? मी त्यांचा मातीने भरलेला हात धरला आणि मनात जुळवलेलं एकही वाक्य न आठवता, जसं आलं तसं विचारलं. त्याचं-माझं संपलं तरी आपलं राहील ना? मी आधीसारखा रोज फोन केला तर चालेल ना?

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हाताने पॅच उचलला, दातांनी त्याचा कागद सोलला, ट्यूबवर ठेवला आणि अंगठ्याने दाबून धरला.

‘नाही,’ त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्या पॅचबद्दल काही म्हणतायत.

‘मी त्याच्या बाजूने राहीन,’ त्या म्हणाल्या. ‘तो बरोबर आहे म्हणून नाही. चूक कोणाची ते मी विचारतच नाही. पण माझं उरलेलं आयुष्य त्याच्या दारात जायचं आहे. उद्या तो दुसरी करेल. करावीच त्याने. तिला मला सून म्हणावं लागेल, आणि मनापासून म्हणावं लागेल. तू संध्याकाळी फोनवर असलीस तर माझ्याकडून ते होणार नाही.’

मी म्हटलं, रोज नको तर नको, दिवाळीला करीन. वाढदिवसाला करीन. मी किती खाली उतरले होते ते आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. मी त्यांना मिस्ड कॉल देईन म्हणाले, उचलू नका, नुसतं मला कळू द्या की तुम्ही आहात.

‘तू केलास तर मी उचलीनच. तेच तर सांगून राहिली आहे तुला. मी उचलीन, आणि मग त्याच्यापासून लपवीन. चोरून बोलायचं तुझ्याशी? तू काय चोरून ठेवायची गोष्ट आहेस? म्हणून करू नकोस.’

तेव्हा माझा तोल गेला. माझा राग नाकावरच असतो, पण त्या बाईवर मी आजवर कधी आवाज चढवला नव्हता. मी विचारलं, मग इतकी वर्षं मी कोण होते तुमची, कंत्राटी मुलगी? कंत्राट संपलं, चला निघा? असंच आणखी बरंच बोलले. झाडीतून एक मेंढी बाहेर आली होती ती माझा आवाज ऐकून परत गेली. आईंनी सगळं ऐकून घेतलं. अंगठा मात्र उचलला नाही. माझं संपल्यावर एवढंच म्हणाल्या की बोल, तुझा हक्क आहे, मनात ठेवू नकोस. मग ट्यूब माझ्या हातात दिली आणि हवा भर म्हणाल्या.

मी हवा भरली. इतक्या जोरात भरली की हात भरून आले. चाक बसवलं आणि त्यांची वाट न बघता पुढे निघाले. खडीवरून, मुळांवरून, पाण्यातून, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं तरी पाय मारत सुटले. मला त्यांना मागे टाकायचं होतं. मला त्यांनी हाक मारायला पाहिजे होती. हाक आली नाही. मग पुढच्या एका वळणावर माझीच हिंमत संपली. जंगलात एकटी म्हातारी बाई, पडली-झडली तर! मी थांबले आणि मागे कान लावून उभी राहिले. बऱ्याच वेळाने खडीचा आवाज आला. त्या आल्या तशाच, पाठ ताठ, वेग एकच. फक्त गालांवर दोन्हीकडे चेनचं काळं ओघळलेलं होतं. त्याच हातांनी डोळे पुसले असणार. मी रुमाल काढून दिला. त्यांनी तोंड पुसलं आणि आम्ही फाटकापर्यंत आलो. सायकली पार करताना कोणी शिवी दिली नाही.

स्टेशनवर आलो तेव्हा गाडी लागलेलीच होती. दोन डब्यांची गाडी. तिच्यात सायकलींना जागा दोनच, आणि एका मुलीने तिची सायकल आधीच तिथे लावली होती. गार्ड भला माणूस होता, त्याने मान हलवून वाईट वाटल्याचं दाखवलं. पण एकच सायकल घेता येईल, म्हणाला, दुसरी पुढच्या गाडीने, तासाभराने.

मी आईंना म्हटलं, तुम्ही जा.

म्हणायचं म्हणून म्हटलं. आपल्यात म्हणतात तसं. शेवटची पोळी दुसऱ्याला घे म्हणताना तो नको म्हणणार हे जसं धरलेलं असतं, तसं. या देशात त्या एकट्या कधी बसमध्येसुद्धा चढल्या नव्हत्या. सुपरमार्केटात मी दुसऱ्या रांगेत गेले तर ट्रॉली तिथेच टाकून माझ्यामागे यायच्या. मला शंभर टक्के खात्री होती की त्या म्हणतील, काही नको, दोघी मिळून जाऊ, तासाने काय बिघडतं. आणि तो तास मला मिळेल. त्या तासात मी माफी मागेन, परत विनवीन, काहीतरी निघेल त्यातून.

‘बरं,’ त्या म्हणाल्या.

मी त्यांची सायकल चढवून दिली, पट्टा आवळला. कार्डिफ शेवटचं स्टेशन आहे, सगळे उतरतील तिथे उतरा, तो घ्यायला येईल, मी फोन करते त्याला, असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. दारं मिटली. त्या पलीकडच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसल्या, माझ्याकडे पाठ करून, हेल्मेट मांडीवर घेऊन. राग नव्हता तो. त्यांचा राग मला माहीत आहे, रागावल्या की त्या सरळ डोळ्यांत बघतात. गाडी हलली तेव्हा मला कळलं, त्या सराव करत होत्या. माझ्याशिवाय जाता येतं का ते बघत होत्या. आणि त्यांना आलं. गाडी वळणाआड गेली तरी त्यांनी मान वळवली नाही.

मी स्टेशनच्या ओसाड फलाटावर बसून मोठमोठ्याने रडले. माझी आई गेली तेव्हा घरात तेरा दिवस माणसं होती. कोणी जेवण आणलं, कोणी जवळ घेतलं, कोणी नुसतं येऊन बसलं. तेव्हा लोकांना काय सांगायचं ते तरी ठरलेलं होतं. आता नवऱ्याला फोन लावायला घेतला आणि सुचेचना, काय सांगू. आई गेली. म्हणजे येतेय, पाऊण तासात कार्डिफला उतरेल, तिला घ्यायला जा. दमली असेल, घरी पोचल्यावर तिला चहा करून दे. कप गॅसच्या वरच्या कपाटात आहेत.